निरोगी गटातली तिसावी

शुक्रवार, १७ जानेवारी. सकाळी साडेसात. कंपू भागातल्या आमच्या संशोधन केंद्राची रक्त घेण्याची खोली.

हजर: मी. टेक्निशियन. माझी चुलत नणंद, यादीत अठ्ठाविसावी. आमच्या गोरखी भागातल्या शाळेच्या एक शिक्षिका, एकोणतिसाव्या. आमच्या शेजारची सून, तिसावी. धाकटी जाऊ, यादीत नाव नाही, थर्मास घेऊन आली. डॉक्टर मॅडम शहरापलीकडच्या मुरारहून येतात. धुक्यामुळे उशीर होईल असा निरोप.

हे माझ्या वहीतून जसंच्या तसं उतरवलं आहे. मला वह्या ठेवायची सवय आहे. घरात वाणसामानाची वेगळी, औषधांची वेगळी, कोणाच्या लग्नात काय आहेर केला त्याची वेगळी. केंद्रात तर माझी नोकरीच ती आहे. कोण केव्हा येणार, कोणाची ट्यूब फ्रीजरच्या कुठल्या खान्यात आहे, कोणाचा फॉर्म अर्धा राहिला आहे, हे मला विचारायचं आणि मी लगेच सांगायचं. बावीस वर्षं मी हे करते आहे. त्या शुक्रवारच्या पानावर सगळ्या कामांपुढे बरोबरची खूण आहे. दिवसाअखेरी असं पान दिसलं की मला बरं वाटायचं.

आमचं काम थोडक्यात सांगते. शरीरात स्टेरॉइड जातीची संप्रेरकं एकापासून एक बनतात. पहिल्यापासून दुसरं, दुसऱ्यापासून तिसरं. मध्ये कुठे अडलं की मागचं साचतं आणि पुढचं कमी पडतं. त्यामुळे एकच मोजून काही कळत नाही, सगळी ओळच्या ओळ मोजावी लागते. आमचं मशीन रक्तातल्या थोड्याशा पाण्यावर ते करतं. अंगावर केस वाढलेल्या, पाळी बिघडलेल्या बायका बाहेरच्या ओपीडीत येतात. त्यांच्यात नेमकं काय बिघडतं हे समजण्यासाठी हा अभ्यास होता. आणि बिघडलेलं ओळखायचं तर शेजारी न बिघडलेलं ठेवावं लागतं. म्हणून तीस निरोगी बायका हव्या होत्या.

रुग्ण मिळणं सोपं असतं. निरोगी बाई मिळणं फार कठीण. वय अठरा ते पंचेचाळीस, कुठलंही औषध चालू नको, गर्भनिरोधक गोळी नको, गरोदर नको, पाळी नियमित हवी, अंगावर जास्तीचे केस नकोत. रक्त सकाळी आठच्या आत, उपाशीपोटी, आणि पाळीच्या तिसऱ्या ते आठव्या दिवसातच घ्यायचं, कारण नंतर आकडे बदलतात. एवढं सगळं ऐकल्यावर बायका म्हणायच्या, "सोचकर बताते हैं," आणि पुन्हा दिसायच्या नाहीत.

शेवटी आदल्या वर्षीच्या हळदीकुंकवाला मी उपाय केला. आमच्याकडे गोरखीत पन्नासेक बायका येतात. आता सगळ्या मराठीच आहेत असं नाही, पण कुंकू लावून घ्यायला सगळ्या येतात. वाण वाटून झाल्यावर मी वही काढली आणि म्हटलं, "आतापर्यंत तुम्ही माझ्याकडून प्लास्टिकचे डबे नेलेत. आता मला एक वाण द्या. एक ट्यूब रक्त." सगळ्या हसल्या. पण चौदा नावं मिळाली. मग वर्षभर मी गोरखीतल्या बायकांच्या पाळीच्या तारखा वहीत ठेवत होते. भाजीच्या गाडीपाशी कोणी भेटली की हळूच सांगायची, "ताई, काल आली," आणि मी तिला परवाची सकाळ द्यायची. माझ्या सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी हे लपवायला जागा पुरत नव्हती. तुम्ही रजिस्टर ठेवता."

तर त्या सकाळी शेवटच्या तिघी होत्या. सोमवारी निरोगी गट पूर्ण झाल्याचं कळवायचं होतं.

नणंदेचं झालं. शिक्षिकांचं झालं. शेजारची सून खुर्चीत बसली आणि मी प्रश्न वाचायला लागले. औषध? नाही. गोळी? नाही. चेहऱ्याला काही क्रीम?

"वो तो रोज लगाती हूँ दीदी. मेडिकलवाल्याने दी है. रंग साफ होता है."

मी ट्यूब पाहायला मागितली. पर्समध्येच होती. मागे बारीक अक्षरांत स्टेरॉइडचं नाव. ते कातडीतून आत जातं आणि शरीर आपलं स्वतःचं बनवायचं कमी करतं. मी फॉर्मवर रेघ मारली.

"क्रीम का खून से क्या लेना-देना?" ती म्हणाली.

"फार घेणं-देणं आहे. आणि हे लावणं हळूहळू बंद कर. इथल्या डॉक्टरांना विचारून."

ती रुसली. मी नियमाला पक्की आहे याचं मला त्या क्षणी समाधानही वाटलं असेल. पण तिसावी जागा रिकामी राहिली.

धाकटी खिडकीपाशी उभी होती. आमच्या घरात तिला सगळे धाकटीच म्हणतात. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, तेव्हा एक्केचाळीस. रक्त देऊन झालेल्या बायकांना काहीतरी गरम मिळावं म्हणून ती ई-रिक्षा करून चहा आणि तिळाची गजक घेऊन आली होती. मी सांगितलं नव्हतं. तिला अशा गोष्टी आपोआप सुचतात.

"मी देऊ का, वहिनी?" ती म्हणाली. "आज चतुर्थी. पाण्याशिवाय काही नाही पोटात. तुमचं उपाशीपोटीचं तरी बसतं."

मी घड्याळ पाहिलं. आठला बारा मिनिटं कमी. "बस," म्हटलं.

ती बाही वर करत बसली आणि म्हणाली, "पण एक सांगून ठेवते हं. हनुवटीला दाढी यायला लागली आहे. चालेल ना? नाहीतर पुरुषांच्या यादीत घाला."

नणंद जोरात हसली. "दाढीवाली वहिनी! दादाला सांग, वस्तरा एकच आणला तरी चालेल."

"आणि आवाज? परवा गॅसवाल्याला फोन केला तर म्हणतो, हाँ भैया, बोलिए."

सगळ्या हसल्या. मीही हसले. माझ्यासमोर प्रश्न सात होता: चेहऱ्यावर नव्याने केस, आवाजात बदल. दोन चौकोन, हो आणि नाही. मी नाहीवर खूण केली. चाळिशीत दोन-चार केस सगळ्यांनाच येतात, माझ्याही येतात, असं काहीसं मनात आलं. मनात आलं एवढंच. मी विचार केला असं म्हणता येणार नाही.

प्रश्न अकरा: मागची पाळी कधी आली, तारीख.

"कोण लक्षात ठेवतं, वहिनी? दिवाळीपासून गडबडच आहे."

"या महिन्यात?"

"माहीत नाही हो. तुमच्या वहीत बघा."

माझ्या वहीत गोरखीतल्या चौदा बायकांच्या तारखा होत्या. तिची नव्हती. मी बोटांवर पाच दिवस मागे मोजले आणि लिहिलं: १२ जानेवारी.

टेक्निशियन सुई घेऊन उभी होती. ती पस्तीस वर्षांची, दोन मुलांची आई, फौजी घराण्यातली, कामाला एक नंबर. तिने एकदा फॉर्मकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "मॅडम, दिन ठीक है ना?"

"ठीक आहे. घे."

ट्यूब भरली. अर्ध्या तासाने यंत्रात फिरवली, वरचं पिवळं पाणी तीन छोट्या ट्यूबमध्ये भरलं, लेबल लावलं: नि-३०. नि म्हणजे निरोगी. उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये चौथा कप्पा, डबा दोन, शेवटची रांग. मग आम्ही चहा प्यायलो. धाकटी चंद्र निघेपर्यंत घेणार नव्हती. तिने आम्हाला वाढला, थर्मास धुतला आणि परत निघाली. आमच्याकडे नियम आहे की भरलेल्या प्रश्नावलीची एक प्रत बाईला घरी द्यायची. तिच्या पिशवीत मी ती घडी करून ठेवली.

आता पुढचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आम्ही एकेक नमुना आला की मोजत नाही. आज मोजलं, पुढच्या महिन्यात मोजलं, तर मशीनचाच थोडा फरक त्यात मिसळतो. म्हणून सगळे नमुने गोठवून ठेवायचे आणि रुग्णांचे, निरोगींचे, सगळे एका आठवड्यात एकदम चालवायचे. हीच योग्य रीत आहे. ही रीत पाळली जाते की नाही हे पाहणंही माझंच काम. रुग्णांच्या बाजूने नमुने कमी पडत होते. मग परदेशातून यायच्या द्रावणाला उशीर झाला. मग मशीनचा पंप गेला. जानेवारीनंतर होळी आली, उन्हाळा आला, पाऊस येऊन गेला. दर सोमवारी मी फ्रीजरचं तापमान वहीत लिहीत होते. उणे एक्क्याऐंशी. उणे ऐंशी. उणे एक्क्याऐंशी. काहीही बिघडलं नव्हतं.

घरी काय चाललं होतं हेही मला दिसत होतं, पण ते मी कुठल्या वहीत लिहीत नव्हते. धाकटीचे ब्लाउज दंडात घट्ट व्हायला लागले. चेहरा गोल झाला. पुतण्याच्या लग्नात ती सगळ्या फोटोंत मागे उभी आहे. जिना चढताना मध्येच थांबायची आणि म्हणायची, "वहिनी, तुमचं घर उंच होत चाललंय." आम्ही वर राहतो, ती आणि सासूबाई खाली. मी तिला म्हणायची, तेल कमी कर, संध्याकाळी फुलबागेपर्यंत चालून ये. ती जायची. मी तिला सल्ला देत होते आणि तिचं रक्त माझ्या चौथ्या कप्प्यात होतं.

सप्टेंबरात नमुने चालले. पितृपक्ष होता. दुपारी अडीचच्या सुमाराला टेक्निशियन माझ्या टेबलापाशी आली. हातात दोन कागद.

"मॅडम, जरा बघा. नि-तीस. मैंने दो बार चलाया."

मला आकडे वाचायला येतात. बावीस वर्षांत तेवढं येतं. पुरुषी संप्रेरकांची सगळी ओळ वर होती. एक जे मधल्या पायरीवरचं असतं, निरोगी बाईत जेमतेम सापडतं, ते तिथे साचलेलं होतं, कितीतरी पट. एखादी पायरी अडलेली असती तर त्याच्या पुढचं कमी दिसलं असतं. इथे सगळंच होतं, अर्धवट बनलेलं, भरमसाट. असं चित्र मी डॉक्टर मॅडमच्या भाषणांत पाहिलेलं होतं.

"लेबलची चूक असेल," मी म्हटलं.

"दुसरी ट्यूब पण चालवली. वही है."

डॉक्टर मॅडमनी कागद पाहिला आणि चष्मा काढला. "ही निरोगी गटात कशी आली? कोणी घेतली?"

"मी."

"कोड उघडावा लागेल. नाव काढा."

नावांची यादी माझ्या कपाटात असते, कुलपात. मी किल्ली काढली नाही. म्हटलं, "मला माहीत आहे. माझी जाऊ आहे."

चारच्या आत मी घरी पोचले. धाकटी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती.

"आज लवकर? सुट्टी दिली का?"

"तुझ्या रक्तात काही जास्त आलं आहे. उद्या सकाळी स्कॅन करायचा."

"कुठल्या रक्तात?"

"जानेवारीतल्या. चतुर्थीला दिलं होतंस."

तिने हातातली चादर खांद्यावर टाकली. "ते अजून ठेवलंय? मला वाटलं तेव्हाच बघून फेकलं असेल. काही नाही बोललात म्हणून सगळं ठीकच असेल."

बाकीचं भराभर झालं. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असते. डाव्या बाजूच्या त्या ग्रंथीत मोठी गाठ. यकृतात डाग, फुप्फुसातही. मी दिल्लीची अपॉइंटमेंट घेतली, गाडीचं आरक्षण केलं, कागदांची फाइल लावली, तारखेप्रमाणे, प्रत्येक कागदाला क्रमांक देऊन. पहिला कागद जानेवारीची प्रश्नावली. ती तिने कपाटात जपून ठेवली होती. अशा फायली लावायला मला दोन मिनिटं लागतात.

दिल्लीच्या सर्जननी सांगितलं की कापून काढण्यासारखं राहिलेलं नाही. गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी तिला अन्नाचा वास सहन होत नाही, चालताना तोल जातो, आणि बोलता बोलता शब्द हरवतो. आजाराने दिलेल्या त्रासापेक्षा औषधाने दिलेला मोठा वाटावा, अशा त्या गोळ्या आहेत. दर महिन्याला तिचं रक्त मी घेऊन जाते. तिच्या बाबतीत आता नमुना साठवायचा नाही, त्याच दिवशी चालवायचा, अशी डॉक्टर मॅडमची परवानगी आहे. ऑक्टोबरात आकडे थोडे उतरले. नोव्हेंबरात तिथेच. डिसेंबरात वर.

मी मॅडमना विचारलं होतं. जानेवारीतच कळलं असतं तर?

"सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "हा आजार वेगाने वाढतो. गाठ तेव्हा लहान असणार. काढता आली असती की नाही, ते मी सांगू शकत नाही. पण आपण सगळे नमुने नियमाप्रमाणे एकत्र चालवले. त्यात तुमची चूक नाही. हे मनात धरून बसू नका."

त्यांना वाटलं मी फ्रीजरमधल्या आठ महिन्यांबद्दल बोलते आहे. खरी गोष्ट त्याहून सोपी होती. मी प्रश्न सातवर हो लिहिलं असतं, अकरावर दिवाळीपासून नाही असं लिहिलं असतं, तर धाकटी निरोगी गटात बसलीच नसती. नियमाप्रमाणे मी तिला त्याच व्हरांड्यातून चाळीस पावलं चालवत ओपीडीत नेलं असतं, जसं नंतर शेजारच्या सुनेला नेलं. शेजारची सून आज बरी आहे. क्रीम सुटलं. परवा मला पेढे देऊन गेली, दिवस राहिले म्हणून.

आणि घरात उलटंच झालं. सासूबाई आल्यागेल्याला सांगतात, "मोठीमुळे कळलं हो. तिने रक्त घेतलं नसतं तर पत्ता तरी लागला असता का?" दीर, जो माझ्याशी वीस वर्षांत कामाव्यतिरिक्त बोलला नाही, तो दिल्लीहून परतताना गाडीत म्हणाला, "वहिनी, तुम्ही होता म्हणून." आणि खिडकीबाहेर बघत बसला. धौलपूर गेलं, मुरैना गेलं, तरी मी खरं काय ते सांगितलं नाही. चुलत नणंद येते तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी असतं. तिला तो दाढीचा विनोद आठवत असणार. पण ती फक्त हसली होती, लिहिलं मी होतं.

टेक्निशियनला माहीत आहे. तिने एकदाच विषय काढला, डिसेंबरात, ट्यूबा लावताना, पाठमोरी राहून. "मॅडम, उस दिन मैंने पूछा था." मी म्हटलं, "हो." त्यानंतर ती पूर्वीसारखीच वागते. मला वाटतं तिने ओरडून सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आमच्या कामात चूक दुरुस्त करायची एक ठरलेली पद्धत आहे. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला ती मीच शिकवते. चुकीची नोंद खोडायची नाही, पांढरं लावायचं नाही. तिच्यावर एक आडवी रेघ, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे. शेजारी खरी नोंद. तारीख. सही. आणि कारण. कारणाशिवाय दुरुस्ती धरली जात नाही. डॉक्टर मॅडमनी नि-३० निरोगी गटातून काढायला सांगितलं आहे आणि त्यासाठी निकषात न बसणारी बाई कशी घेतली गेली त्याचा फॉर्म भरायला सांगितला आहे. सप्टेंबरातच सांगितलं. पहिल्यांदा आठवण केली तेव्हा मी म्हटलं, दिल्लीहून आल्यावर. दुसऱ्यांदा म्हटलं, वर्षअखेर संपू दे. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. माझ्याकडून काम राहील असं त्यांच्या मनातही येत नाही.

या वर्षी संक्रांतीला सुगडं मी पुजली. एवढी वर्षं ते धाकटीचं काम होतं, तिचा हात सुबक आहे म्हणून. बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाची कांडकी, गाजर, तीळ. मी यादी करून सगळं आणलं आणि तरी हळदीकुंकवाची बोटं वाकडी उमटली. सासूबाई बाजूला बसून म्हणाल्या, "गेल्या वर्षी धाकटीने कशी छान मांडली होती." त्यांनी सहज म्हटलं.

पूजा झाल्यावर मी तिळगूळ घेऊन धाकटीच्या खोलीत गेले. तिला खाता येत नाही. हातावर ठेवला एवढंच. मग रोजचं काम. तिच्या हनुवटीवरचे केस मी चिमट्याने काढते. पार्लरवाली यायला तयार आहे, पण तिला नको आहे. खिडकीकडे तोंड करून ती डोळे मिटून पडते, मी एकेक काढते. दहा-बारा मिनिटं लागतात.

"वहिनी."

"दुखलं का?"

"नाही. ती तुमच्या फाइलमधली पहिली चिठ्ठी. दिल्लीला त्या डॉक्टरनीने विचारलं, पाळी कधी बंद झाली. मी बोलले, दिवाळीला. ती बोलली, इसमें तो बारह जनवरी लिखा है." शब्द शोधायला तिला वेळ लागत होता. मी थांबले. "मी विचार करत राहिले, बाराला कशी? चौदाला तर संक्रांत. सुगडं मी पुजली. तिसऱ्या दिवशी आईंनी मला हात लावू दिला असता का?"

चिमटा माझ्या हातात होता. गेल्या वर्षी चौदाला मी तिथेच, तिच्या शेजारी, ताम्हण धरून उभी होते. आमच्या घरात चौथ्या दिवशी न्हाल्याशिवाय पूजेला हात लागत नाही, हे मला पंचवीस वर्षं माहीत आहे. बारा लिहिताना त्यातलं काहीही मला आठवलं नव्हतं.

"तारीख मी घातली," मी म्हटलं. "मला एक बाई कमी पडत होती."

बाहेर सासूबाई कोणाला तरी तिळगूळ देत होत्या.

"आणि दाढीचं?"

"तेही नाही लिहिलं."

"मी सांगितलं होतं ना पण?"

"सांगितलं होतंस."

"मग ठीक," ती म्हणाली. "दिल्लीपासून मला वाटत होतं, मीच सांगायचं विसरले असेन. आता शब्द हरवतात ना, तसं तेव्हाही काही झालं असेल." तिने डोळे उघडले नाहीत. "यांना सांगू नका आत्ता. मी असेपर्यंत नको. घरात भांडण मला ऐकवणार नाही. पण तुमच्या कागदावर खरं लिहा. तिथे मी अजून निरोगीच आहे."

"लिहिते."

"कारण काय लिहाल?"

मी चिमटा पदराला पुसला. ती म्हणाली, "डाव्या बाजूचे राहिले बघा," आणि मान वळवली. मी डाव्या बाजूचे काढले.

त्यालाही आता नऊ दिवस झाले. ती माझ्याशी पूर्वीसारखी बोलते, फक्त आता मला रक्त घ्यायला हात देते तेव्हा दुसरीकडे बघते. परवाचे आकडे आणखी वर आहेत. मॅडमनी गोळ्या वाढवायच्या की थांबवायच्या हे घरच्यांवर सोडलं आहे, म्हणजे काय ते मला कळतं.

आज केंद्रात सगळे गेल्यावर मी कपाट उघडलं. नि-३० ची प्रश्नावली टेबलावर ठेवली, काळं पेन घेतलं, पट्टी घेतली. प्रश्न सात आणि प्रश्न अकरा. रेघ मारायला दोन सेकंद लागतात. पण रेघ मारली की त्याच बैठकीत कारण लिहावं लागतं, अर्धी दुरुस्ती सोडता येत नाही, हाही नियम मीच शिकवते. मी अर्धा तास बसले आणि कागद परत फाइलमध्ये ठेवला.

आजचं पान:

फ्रीजर तापमान, उणे ऐंशी. झालं.
रुग्ण-गटातल्या दोघींना फोन. झालं.
धाकटीच्या पोटॅशियमचा रिपोर्ट आणणे. झालं.
खालच्या खोलीसाठी कमोडची खुर्ची. उद्या सकाळी येईल.
नि-३०, प्रश्न ७ आणि ११, दुरुस्ती, कारणासह. बाकी.